स्टॉलची भीती वाटते, फ्लाइंग सोडू का?

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणारी मुलगी २१ वर्षांची आहे. महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) करतेय. तालुक्याच्या गावी वडिलांचं कापडाचं दुकान आहे, राहतं घर तारण ठेवून कर्ज काढलंय. पहिली सोलो (एकटीनं केलेलं उड्डाण) झाली, लँडिंग चांगली होतात. दोन महिन्यांपूर्वी सेसना १७२ या छोट्या विमानावर पॉवर-ऑन स्टॉलचा, म्हणजे इंजिनाची ताकद चालू असताना पंखांची हवेवरची पकड सुटण्याचा, सराव करताना डावा पंख एकदम पडला. तिनं योक (विमानाचं स्टिअरिंग) उजवीकडे फिरवलं, तर विमान आणखीच डावीकडे गेलं आणि समोरच्या काचेत नुसती जमीन दिसायला लागली. इन्स्ट्रक्टरनी विमान सावरलं, "एवढं काय घाबरायचं" म्हणाले आणि विषय तिथेच संपला. तेव्हापासून ती स्टॉलचा सराव कसाबसा भागवते. स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न वाजला रे वाजला की नोज खाली, पॉवर पुढे. शेरा मात्र 'सॅटिसफॅक्टरी' मिळतो. शिवाय इन्स्ट्रक्टर मधूनच थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढून "इंजिन फेल, बोल आता!" म्हणतात. ड्रिल तिला पाठ आहे, ती तोंडानं म्हणतेही, पण हात योक ओढूनच धरतात आणि वेग पडत जातो. सॉर्टीच्या (सरावाच्या उड्डाणाच्या) आदल्या रात्री झोप लागत नाही. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या विमान अपघातानंतर आईचे फोन वाढलेत, घरी यातलं काही सांगितलेलं नाही. ती विचारते : मी या कामाला नालायक आहे का, आणि तसं असेल तर आणखी पैसे जायच्या आत सोडू का? इन्स्ट्रक्टरना खरं सांगितलं तर रेकॉर्डवर डाग लागेल का? आणि एअरलाइनची विमानं कॉम्प्युटरवर चालतात, दोन-दोन इंजिनं असतात, मग हे सगळं मला पुढे लागणार तरी आहे का?

उत्तर :

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "त्या दिवशी विमानानं मला टाकलं." तुझ्या प्रश्नांच्या आधी मला या वाक्याबद्दल बोलायचंय. तुझी निम्मी भीती तिथेच बसलीये असं मला वाटतं.

तू जे बारकाईनं लिहिलंयस त्यावरून काय झालं असावं ते बऱ्यापैकी सांगता येतं. थ्रॉटल पुढे, नोज वर, वेग उतरत चाललेला. अशा वेळी प्रोपेलर आणि त्याचा हवेचा झोत सेसनाचं नोज डावीकडे ओढतात. ती ओढ उजव्या पायानं, म्हणजे रडरनं, धरून ठेवावी लागते. पण नोज वर गेलं की क्षितिज झाकलं जातं, नजर स्पीडच्या काट्याला चिकटते आणि पाय सैल पडतो. बॉल, म्हणजे विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी नळीतली गोळी, उजवीकडे सरकतो, तो कुणी बघत नाही. तशाच अवस्थेत स्टॉल झाला की डावा पंख आधी पडतो. मग तू जे केलंस ते कुणीही केलं असतं : विमान डावीकडे कललं म्हणून योक उजवीकडे. एरवी हे अगदी बरोबर आहे. स्टॉलमध्ये मात्र योक उजवीकडे नेलं की डाव्या पंखाचं एलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) खाली जातं, त्या पंखाचा हवेशी असलेला कोन आणखी वाढतो, आणि आधीच हवेवरची पकड सुटलेला पंख अजून खोल जातो. विमान तुझाच हुकूम पाळत होतं. तो हुकूम काय आहे, हे तुला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

हे मी तुला दोष द्यायला सांगत नाहीये. कारण कळलं की त्यावर काम करता येतं. योक मध्ये, थोडं पुढे, आणि पडणाऱ्या पंखाच्या उलट बाजूचा पाय, इतकंच करायचं होतं. हे जमिनीवर उतरल्यावर फळ्यावर दोन रेघा मारून पाच मिनिटांत सांगता येतं. "एवढं काय घाबरायचं" याला डीब्रीफिंग म्हणत नाहीत. तुझ्या इन्स्ट्रक्टरबद्दल माझं वाईट मत नाही. दिवसाला पाच-सहा सॉर्ट्या उन्हातान्हात करणाऱ्या माणसाला पुढचा विद्यार्थी रॅम्पवर उभा दिसत असतो. पण त्या पाच मिनिटांची किंमत तू दोन महिने मोजतेयस.

(विमानांशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी : स्टॉलमध्ये इंजिन धडधडीत चालू असतं. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की हवा पंखावरून नीट वाहत नाही आणि पंख विमानाला पेलेनासा होतो. हा कोन कमी करायचा तर नोज खाली घ्यावंच लागतं. जमीन समोर दिसत असतानाही.)

आता हॉर्नचं. तू जे करतेस त्याला 'चीटिंग' म्हणू नकोस. हॉर्न वाजताच सावरणं हा एक रीतसर सराव आहे आणि प्रत्यक्षात तुझ्याकडून तेच अपेक्षित असेल. अडचण वेगळी आहे. त्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला जे भोक आहे, प्रीफ्लाइटला (उड्डाणाआधीच्या तपासणीत) ज्याला रुमाल लावून तू तोंडानं हवा ओढतेस, ते स्टॉलच्या ५ ते १० नॉट (ताशी सागरी मैल) आधी रडायला लागतं. तू त्या रडण्याच्या पहिल्या सेकंदाला पळ काढतेस. म्हणजे हॉर्न आणि प्रत्यक्ष स्टॉल यांच्यामधला जो पट्टा आहे, जिथे योक सैल लागतो, रडरला विमान उशिरा ऐकतं, शेपटाकडून थरथर येते, तो पट्टा तुझ्या ओळखीचाच नाही. तू तिथे आजवर एकदाच गेलीस आणि तेही डोळे मिटून. अशा जागेची भीती वाटणारच. ती जाण्यासाठी तिथे राहावं लागेल, आणि राहता येतं. त्याला स्लो फ्लाइट म्हणतात. ४००० फूट उंची घे, इन्स्ट्रक्टर शेजारी, आणि हॉर्न सतत वाजत ठेवून सरळ उड. मग हळूच १० अंशांचं वळण. हॉर्न वाजतोय, विमान उडतंय, बॉल मध्ये आहे, काही पडत नाहीये. दहा मिनिटं हे केलंस की त्या आवाजानं पोटात येणारा गोळा निम्मा होईल.

त्यानंतर पॉवर-ऑफ स्टॉल. थ्रॉटल आयडलवर (इंजिन किमान ताकदीवर), उंची धरून ठेव, योक हळूहळू मागे. पॉवर नसल्यानं डावीकडची ओढ जवळजवळ नसते, त्यामुळे विमान बहुतेकदा सरळच नोज टाकतं. पहिल्या वेळी इन्स्ट्रक्टरना करायला सांग, तुझे हात नुसते योकवर ठेव. दुसऱ्या वेळी तू कर आणि काय दिसतंय ते मोठ्यानं बोलत जा : "बॉल मध्ये, हॉर्न, थरथर, नोज पडलं, योक पुढे, पॉवर, पंख सरळ." बोलण्यानं श्वास चालू राहतो. पॉवर-ऑन स्टॉल सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा स्पीडकडे नव्हे, बॉलकडे बघायचं. पंख पडलाच तर पाय. नीट जमलं की १००-२०० फुटांत विमान सावरतं, ४००० फुटांवर ते काहीच नाही. हे सगळं फक्त ड्युअलवर, म्हणजे इन्स्ट्रक्टर सोबत असताना, सोलोला नाही. आणि पुढची सोलो लागलेली असेल तर तुझी ही अडचण त्याआधी सीएफआयच्या (चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या) कानावर गेलीच पाहिजे. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, वळताना रनवे हुकतोय म्हणून पाय चुकीचा मारणं आणि नोज ओढणं, यातूनच सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या फेरीत) स्टॉल होतात आणि तिथे सावरायला उंची नसते.

इंजिन फेलकडे येऊ. तू लिहितेस, ड्रिल पाठ आहे तरी हात ऐकत नाहीत. तुझी समजूत अशी दिसते की पाठांतर पुरेसं पक्कं झालं की हात आपोआप ऐकतील. तसं होत नाही. तोंडाला शिकवलेलं हाताला कळत नाही. इंजिनचा आवाज गेला, खाली जमीन आहे, तर शरीर वर ओढणारच, ती माणसाची जुनी खोड आहे. म्हणून पहिली कृती फक्त हातांची ठेव, त्यात शब्द नकोत. क्रूझमध्ये असशील तर उंची धरून वेग ग्लाइडच्या (इंजिनाविना तरंगत उतरण्याच्या) वेगापर्यंत उतरू दे, मग नोज क्षितिजाखाली अमुक इतकं, आणि लगेच ट्रिम, म्हणजे योकवरचा जोर काढून घेणारं चाक. तुझी सेसना १७२ एस असेल तर तो वेग ६८ नॉट आहे, दुसरं मॉडेल असेल तर मॅन्युअलमध्ये बघून घे. ट्रिम नीट बसली की विमान स्वतःच तो वेग धरतं आणि तुझे हात मोकळे होतात. तुझे हात योक ओढत राहतात त्याचं एक कारण मला हेच वाटतं की तू ट्रिम करतच नाहीस. ड्रिलमध्ये पुढच्या ओळी म्हणायची घाई असते.

मग तुझ्याकडे वेळ किती असतो? जमिनीपासून ३००० फुटांवर, वारा नसताना, साधारण चार मिनिटं आणि साडेचार सागरी मैल, म्हणजे ८ किलोमीटर. चार मिनिटं खूप असतात. होस्टेलच्या खोलीत खुर्चीवर बसून मोबाइलवर चार मिनिटांचा गजर लाव आणि सगळी ड्रिल हातांनी कर : ट्रिम, शेत, फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायचा खटका), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगीची यंत्रणा), मेडे (रेडिओवरची संकटाची हाक), दार उघडं. तुला कळेल की तू दीड मिनिटात मोकळी होतेस आणि उरलेला वेळ शेताकडे बघायला मिळतो.

त्या शेताबद्दल थोडं जास्त बोलते. फ्लाइंग स्कूलमध्ये हे कुणी फारसं शिकवत नाही, कारण प्रत्येक स्कूलच्या जनरल फ्लाइंग एरियात एक ठरलेलं शेत असतं. इन्स्ट्रक्टर त्याच्या आसपासच थ्रॉटल ओढतात, विद्यार्थी त्याच्याकडेच वळतात, आणि सगळ्यांना वाटतं फोर्स्ड लँडिंग जमलं. तू पश्चिम महाराष्ट्रात उडत असशील तर वरून ऊस फार छान दिसतो, गडद, मऊ, सपाट. तो टाळ. पुरुषभर उंचीच्या वरचा उभा ऊस चाकं धरतो आणि विमान पालथं होऊ शकतं. द्राक्षबाग त्याहून वाईट, त्या हिरव्या ओळींखाली लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव असतो. शेततळं उन्हात चमकतं, त्याच्याजवळ नको. उन्हाळ्यात गहू-हरभरा काढून झालेलं मोकळं रान सगळ्यात चांगलं. तेच रान नांगरलेलं असेल तर तासांच्या दिशेनं उतर, आडवं नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरही बरेच दिवस काळी माती चाकं गिळते. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. विहीर दिसली की मोटर असणार, मोटर असली की तार असणार, असं धरून चाल. बांध दिसत नाहीत, पण सकाळ-संध्याकाळी त्यांची सावली दिसते. वाऱ्यासाठी पाचट जाळल्याचा धूर बघ, गाळप चालू असेल तर कारखान्याचं धुराडं बघ. आणि रस्ता मोहात पाडतो, पण त्याच्या कडेला खांब असतात, वर वाहनं असतात.

हे शिकायला विमान लागत नाही. घरी जाताना एसटीच्या खिडकीत बस आणि दर दोन मिनिटांनी स्वतःला विचार, आत्ता इंजिन गेलं तर यातलं कुठलं? रविवारी मैत्रिणीची स्कूटी घे आणि तुमच्या रनवेच्या दोन्ही टोकांपलीकडे काय आहे ते जाऊन बघून ये. मला आश्चर्य वाटतं की शंभर-शंभर टेकऑफ केलेल्या मुलांना हे माहीत नसतं, आणि सगळ्यात अवघड इंजिन फेल तिथेच होतो.

टेकऑफनंतर, ३००-४०० फुटांवर, चार मिनिटं नसतात. तिथे नोज आधीच वर असतं आणि वेग झपाट्यानं पडतो. त्यामुळे पहिलं काम : योक पुढे, लगेच. मग समोर, फार तर दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत जे मिळेल त्यात उतरायचं. मागे वळून रनवेवर यायचा मोह होतो, कारण रनवे ओळखीचा आहे. पण ते वळण नुसतं १८० अंशांचं नसतं, रनवेच्या रेषेवर परत यायला त्याहून जास्त वळावं लागतं, आणि कमी उंचीत वळायचं तर बँक (वळताना विमानाचा एका बाजूला कल) वाढवावी लागते. बँक वाढली की स्टॉलचा वेग वाढतो. तुझं विमान सरळ उडताना फ्लॅप्सविना साधारण ४८ नॉटला स्टॉल होतं, ४५ अंशांच्या बँकमध्ये ५७ ला, आणि ६० अंशांत ६८ ला. ६८ हा तुझा ग्लाइडचा वेग आहे हे लक्षात आलं का? म्हणून हा निर्णय हवेत घ्यायचा नसतो. लाइन-अप करण्याआधी मोठ्यानं म्हण : "रनवेवर इंजिन गेलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक. हवेत आणि समोर रनवे शिल्लक असेल तर तिथेच. नसेल तर नोज खाली आणि समोरचं डावीकडचं मोकळं रान." स्कूटीवरून पाहिलेलं ते रान. कुठल्या उंचीच्या वर परत वळायचा विचार करता येईल ते तुमच्या सीएफआयला विचार, तो आकडा तुझ्या विमानाचा आणि तुमच्या रनवेचा असला पाहिजे, इंटरनेटवरचा नको.

सरावात न सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टीही सांगून ठेवते. थ्रॉटल आयडलवर असताना इंजिन थोडंफार ढकलत असतंच, खरोखर बंद पडलेल्या इंजिनाचा प्रोपेलर मात्र उलटा रोध करतो, त्यामुळे खरा ग्लाइड सरावापेक्षा उभा असतो. शेत जवळचं निवड. आणि इंजिन दर वेळी ठप्प होत नाही, ते अर्धवट दगा देतं, खडखडतं, आरपीएम खाली-वर होतो, आणि पायलट 'बघू, येईल परत' म्हणून उंची घालवत बसतो. इन्स्ट्रक्टरना सांगून एखादी सॉर्टी अशी कर, थ्रॉटल अर्धाच मागे. तसंच, बरीच इंजिनं इंधनापायी बंद पडतात : टाकीत पाणी, सिलेक्टर चुकीचा, डिपस्टिक न घालता गेजवर विश्वास. पावसाळ्यात सकाळी ड्रेन केलेला नमुना उजेडात धरून बघायला जी अर्ध्या मिनिटाची टाळाटाळ होते, ती करू नकोस.

आता तुझ्या इन्स्ट्रक्टरची पद्धत. आपल्याकडे गावाकडे पोहायला शिकवायची एक रीत होती, मुलाला धरून विहिरीत ढकलायचं. जे शिकले ते मोठेपणी ती गोष्ट रंगवून सांगतात, आणि जे पाण्याला कायमचे भ्याले ते कट्ट्यावर गप्प बसून ऐकतात. अचानक थ्रॉटल ओढायला माझा विरोध नाही. खरं इंजिन सांगून जात नाही, आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस नुसता थिजतो, त्या थिजण्याचीही सवय करावी लागते. पण तो शेवटचा टप्पा आहे. आधी जमिनीवर ब्रीफिंग, मग सांगून, मग 'या सॉर्टीत कधीतरी होईल' एवढं सांगून, आणि मग न सांगता. तुझ्या बाबतीत सुरुवातच शेवटापासून झालेली दिसते. हे सदर वाचणारे काही तरुण इन्स्ट्रक्टरही आहेत, त्यांनाही हे लागू आहे. आणि त्यांच्यासाठी आणखी : सराव थ्रॉटलनंच करा, मिक्श्चर किंवा फ्युएल बंद करून नको. उतरताना मधूनमधून पॉवर देऊन इंजिन गरम ठेवा, ५०० फुटांच्या आसपास सोडून द्या. खोटा इंजिन फेल खरा होऊन बसल्याची उदाहरणं जगभर आहेत. मुली, तुझ्या विमानात कुणी कमी उंचीवर मिक्श्चर ओढत असेल तर ते सीएफआयला सांगणं ही चुगली नाही.

रेकॉर्डच्या भीतीनं तू गप्प आहेस. थोडा उलटा विचार करून बघ. आज तुझ्या फाइलमध्ये 'सॅटिसफॅक्टरी' आहे आणि ते खरं नाही, हे तुला माहीत आहे. उद्या चेकला अनोळखी परीक्षक शेजारी बसेल आणि पूर्ण स्टॉल मागेल. 'सराव पुन्हा घ्यावा' असा शेरा तर शिकणाऱ्याच्या फाइलमध्ये असतोच, प्रशिक्षण त्यासाठीच आहे. जाऊन सरळ म्हण : "सर, विंग ड्रॉप झाल्यापासून मी पूर्ण स्टॉल होऊच देत नाहीये. मला एक सॉर्टी फक्त त्यासाठी हवीये. आधी तुम्ही दाखवा, मग मी करते." 'मला भीती वाटते' असं म्हणण्यापेक्षा हे बरं, कारण भीतीवर समोरचा धीर देऊन मोकळा होतो, आणि या वाक्यावर त्याला शिकवावं लागतं. तरी त्यांनी हसण्यावारी नेलं तर सीएफआयकडे जाऊन एक-दोन सॉर्टींपुरता दुसरा इन्स्ट्रक्टर माग. तक्रारीचा सूर नको, गरजेचा ठेव.

तुझा तिसरा प्रश्न, एअरलाइनमध्ये हे लागतं का. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ हे एअरबस ए३३० १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फानं तुंबल्या, ऑटोपायलट सुटला, आणि ज्या कॉम्प्युटरवर तुझा भरवसा आहे त्याचं स्टॉलपासूनचं संरक्षणही त्याबरोबर गेलं. इंजिनं दोन्ही चालू होती. स्टॉलची सूचना सलग जवळपास मिनिटभर वाजत होती आणि विमान उडवणारा पायलट बहुतेक वेळ स्टिक मागे ओढून होता. ३८,००० फुटांवरून समुद्रापर्यंत साडेतीन मिनिटं लागली. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ पडलं, ५० जण गेले. तिथेही स्टॉलचा इशारा आल्यावर कॅप्टननं योक मागेच ओढला. तुझे हात जे करतात तेच त्या दोघांचे हात करत होते. फरक असा की तुला हे ६० तासांच्या आत कळलंय, आणि ते दुरुस्त करायला शेजारी माणूस आहे, खाली ४००० फूट आहेत. या दोन अपघातांनंतर अनेक देशांत एअरलाइन पायलटांनाही पूर्ण स्टॉल आणि त्यातून बाहेर येणं पुन्हा शिकवायला सुरुवात झाली.

दोन इंजिनांचं म्हणशील तर त्याच वर्षी १५ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेनं ए३२० ची दोन्ही इंजिनं २,८०० फुटांच्या आसपास गेली. कॅप्टन सलनबर्गर यांनी ते हडसन नदीत उतरवलं, सगळे १५५ जण वाचले. साडेतीन मिनिटांत. ते तरुणपणी ग्लायडर उडवायचे. १९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवणारे कॅप्टन पिअरसनही ग्लायडर पायलटच. पुण्यात हडपसरला ग्लायडिंगची जुनी परंपरा आहे. सध्या उड्डाणं सुरू आहेत का ते विचार आणि असतील तर सुट्टीत एकदा बसून ये. जिथे इंजिनच नाही तिथे इंजिन बंद पडायची भीती कशाची, हे शरीराला कळायला एक फेरी पुरते.

झोपेचं थोडक्यात. रात्रभर जागी असशील तर त्या दिवशीची सॉर्टी रद्द कर, कारण विचारलं तर 'झोप झाली नाही' एवढं पुरे. कुणाच्या सांगण्यावरून झोपेच्या किंवा 'टेन्शनच्या' गोळ्या घेऊ नकोस, मेडिकलचा प्रश्न येईल आणि त्याहून आधी सुरक्षेचा. सॉर्टी नसलेल्या रात्रीही झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल तर डॉक्टरांकडे जा.

मग सोडावं का? तू नालायक आहेस असं मला या पत्रात काहीच दिसत नाही. विमान डावीकडे गेलं तेव्हा हातांनी काय केलं हे दोन महिन्यांनी अचूक लिहिणारी मुलगी शिकू शकते. पण मी तुला उडताना पाहिलेलं नाही, म्हणून आंधळा धीरही देणार नाही. वर सांगितलं तसं चार-पाच सॉर्ट्या नीट शिकून बघ. त्याचे तासाचे पैसे जास्तीचे लागतील, ते कर्जात धरून चाल. त्यानंतरही हात थिजत असतील आणि दोन वेगवेगळे इन्स्ट्रक्टर तेच म्हणत असतील, तर थांबण्यात कमीपणा नाही. एअर ट्रॅफिक कंट्रोल आहे, डिस्पॅच (एअरलाइनमध्ये उड्डाणांचं नियोजन) आहे, आणि तुझे जमिनीवरचे पेपर वाया जात नाहीत. मात्र तो निर्णय वडिलांसोबत बसून, हिशेबाची वही समोर ठेवून घे. घर त्यांचं तारण आहे, त्यांना अर्धीच गोष्ट माहीत असणं बरोबर नाही. आईला विंग ड्रॉपचं वर्णन ऐकवायची गरज नाही, 'एक धडा अवघड जातोय, तो पुन्हा घेतेय' एवढं सांग. फोनवर काही लपवलं जातंय हे आयांना कळतंच, आणि मग त्या बातम्यांमधून कारण शोधतात.

पहिली सॉर्टी सकाळची माग, सातच्या आधीची मिळाली तर उत्तम. दहानंतर आपल्याकडे जमीन तापून हवा उसळायला लागते, आणि तशा हवेत बॉल मध्ये ठेवायला शिकायचं तर तासाचे निम्मे पैसे धक्के खाण्यातच जातात.